उरलेला खडा

माघ शुद्ध १४, शके १८६१. टेंभुर्णी

शाळेच्या हजेरीसाठी सरकारातून वह्या आल्या, त्यात एक जादा निघाली. परत पाठवायची तर उर्दूत चार अर्ज भरा, म्हणून ठेवून घेतली. रोज लिहीनच असं नाही. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. जालन्याच्या काकासाहेबांचं पत्र आलं. वद्य षष्ठीला मावलायांच्या डोंगरावर येतो, संध्याकाळी पायथ्याला तुमची पेटी ऐकतो, असं लिहिलंय. काकासाहेब गाण्याचे दर्दी. चैत्रात त्यांच्या घरी बैठक होते, हैद्राबादेहून माणसं येतात. त्यांना पटलं तर मलाही बोलावतील. बावीस वर्षं या गावात पेटी वाजवतोय. ऐकणार कोण, तर दावणीच्या म्हशी आणि वर्षातून एकदा येणारा शाळा तपासनीस. द्वारकेला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी जेवून घ्या, भाकरी गार होतेय. या बाईला कशाचं म्हणून अप्रूप नाही.

माघ वद्य २

काकासाहेबांना उत्तर पाठवलं. पाहुणे मोठे, आमच्या डोंगराची चाल त्यांना कळायला हवी, म्हणून सविस्तर लिहिलं. तेच इथं उतरवून ठेवतो.

डोंगर गावापासून दोन कोस. वर सात मावलाया आहेत, म्हणजे शेंदूर लावलेले सात दगड. दिवसा चढायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, दिवेलागणीच्या आत खाली यायचं. चढताना प्रत्येकानं आपल्या घरचा एक खडा आणून पायथ्याच्या पारावर ठेवायचा. उतरला की ज्याचा त्यानं उचलायचा आणि घरी नेऊन अंगणात टाकायचा. पारावर खडा उरला म्हणजे माणूस वर उरला. पार रिकामा झाल्याशिवाय पायथ्याला वाद्याला हात लावायचा नाही. पुंजाराम गुरव त्याच कामासाठी दिवसभर पारापाशी बसतो. आणि एकदा खडा उचलला की त्या दिवशी पुन्हा डोंगर चढायचा नाही. चढला तर तो मावलायांचा झाला.

संध्याकाळी ख्वाजामियाँबरोबर रियाज केला. दिवसा भांड्यांना कल्हई करतो, पण तबल्यावर हात बसला की भल्याभल्यांना मागे टाकील. मला म्हणाला, गुरुजी, तुम्ही जल्दी फार करता, दोन सुरांमध्ये जरा थांबून ऐकत जा. कल्हईवाल्यानं मला शिकवायचं आता. पण ऐकून घेतलं, षष्ठीपर्यंत त्याची गरज आहे.

माघ वद्य ५

शेजारच्या साळूबाईचा कडूबा आला होता. पेटी पायथ्यापर्यंत डोक्यावर नेतो म्हणाला. चोवीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी, जालन्याच्या जिनिंगमध्ये कामाला जायचं वेड घेऊन बसलाय. साळूबाई जाऊ देत नाही. नवरा गेल्यापासून तिला हाच एक. आठ दिवस मायलेकरांचं भांडण सगळी गल्ली ऐकते आहे. जाताना दारात रेंगाळला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, डोंगरावरून पल्याडच्या वाटेनं जाफराबादला मामाकडं जावं म्हणून राह्यलो. जमलं तर. मायला सांगू नका."

मी म्हटलं, बिलकुल सांगत नाही. माझं लक्ष पेटीच्या भात्याकडे होतं.

माघ वद्य ६

आत्ताच घरी आलो. आजच्यासारखा दिवस आयुष्यात आला नव्हता.

सकाळी निघालो तेव्हा साळूबाईच्या दारात तमाशाच चालला होता. कडूबा पेटी उचलून पुढे आणि ती मागून ओरडतेय, डोंगरावरच राहा मंग, घरी येऊ नको. चालायचंच. कडूबानं चुलीपुढचा एक काळा खडा उचलला आणि निघाला. पांढरी रेघ असलेला खडा, दुरूनही ओळखू येईल असा.

चढण उन्हाची झाली, पण वारा होता. माझा तर दमच निघाला. काकासाहेब मोठे हौशी, वरपर्यंत आले. मावलायांपुढे नैवेद्य झाला, सावलीत पंगत बसली. कडूबा मला शेवटचा तिथंच दिसला, पाणी वाढत होता. उतरणीला सगळे पांगले.

सूर्य टेकला तेव्हा पारावर एकच खडा उरला होता. काळा, पांढऱ्या रेघेचा. पुंजाराम म्हणाला, माणूस येऊ द्या, मंग बसा. आता काकासाहेबांच्या मोटारीचा एकच दिवा लागतो, त्यांना लवकर निघायचं होतं, ते घड्याळाकडे बघायला लागले. मला ठाऊक की कडूबा पल्याडच्या वाटेनं मामाकडे गेला. पण बोलावं कसं? साळूबाई गावच्या बायकांबरोबर तिथंच चुलवणाशी भाकरी थापत होती, आणि मी शब्द दिला होता. पुंजाराम दिव्याला तेल आणायला वळला तेव्हा मी खडा उचलून कोटाच्या खिशात घातला. एवढंच. पुंजारामनं येऊन पाहिलं, पार रिकामा. म्हणाला, बसा.

आणि मग जी बैठक जमली! मावलायांचं जुनं पद घेतलं. ध्रुवपदाच्या शेवटी उंच सुरावर जाऊन मी थांबलो, आणि वरून डोंगरानं साद दिली. स्पष्ट. लोक चकित झाले. पुन्हा थांबलो, पुन्हा साद. मी मुद्दाम मोजलं, अकरा वेळा डोंगर बोलला. पुंजाराम म्हणाला, इतकी वर्षं बसतोय इथं, असं कधी ऐकलं न्हाई. काकासाहेब तर मांडीवर थाप मारून म्हणाले, गुरुजी, तुमच्या सुराला डोंगर दाद देतोय. कधी साद उशिरा यायची, कधी सूर सोडून नुसतीच ओ दिल्यासारखी. वाऱ्यामुळे असेल. शेवटी शेवटी अगदी बारीक झाली. मी हसून म्हटलं, डोंगर थकला, आता भैरवी घेतो.

मध्येच ख्वाजामियाँचा हात थांबला होता. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "गुरुजी, ये गूंज नहीं है." म्हणे प्रतिध्वनी नाही! मी असा डोळा वटारला की त्यानं पुन्हा ठेका धरला. भर बैठकीत ताल सोडणारा हा पहिलाच तबलजी.

चैत्रात जालन्याला यायचं, असं काकासाहेबांनी चारचौघांत सांगितलं.

माघ वद्य ७

गावात जो तो कालच्याबद्दल बोलतोय. शाळेत पोरांना दिवसभर सुट्टीच दिली म्हणायची.

साळूबाई विचारायला आली, कडूबा दिसला का. पारावर खडा नव्हता म्हणजे उतरलाय, पण घरी आला न्हाई, रागावून बसलाय कुठंतरी. तिचे डोळे सुजले होते. मग मी शब्द मोडला आणि सांगितलं, मामाकडे जातो म्हणत होता. तिला बरं वाटलं. मलाही.

माघ वद्य १०

आज बाजार. मामा जाफराबादहून बैल घेऊन आला, एकटाच. कडूबा त्याच्याकडे गेलाच नाही.

गडी डोंगराकडे गेलेत. मी शाळा सोडून जाऊ शकलो नाही. नकाशा काढायला सांगून पोरांसमोर बसून राहिलो. दुपारी खिशात हात गेला, खडा अजून तिथंच होता.

माघ वद्य १३

सापडला. माथ्याच्या खाली, गावाच्या अंगाला, कपारीत. सात दिवस झाले होते. हातातल्या कड्यावरून ओळखला.

काय बोलतायत ते लिहितो. लोक म्हणतात, तो उतरला होता, खडा उचलला होता, गुरुजींना मामाकडे जातो म्हणून सांगून पुन्हा वर चढला. म्हणजे तो मावलायांचा झाला. अशा माणसाला गावचं स्मशान नाही, दहावा नाही, नाव घ्यायचं नाही. पायथ्याला खड्डा घेऊन पुरला. साळूबाई रडली नाही. त्याचं धोतर, कुडतं, मुंडासं सगळं झटकून झटकून पाहत होती. मग पुंजारामला म्हणाली, "खडा उचलला म्हणता, मंग खडा कुठं गेला?"

पुंजारामनं खांदे उडवले. मला म्हणाला, खडा पारावर राहिला असता तर त्याच सांजेला मशाली घेऊन वर गेलो असतो, पेटीला हातसुद्धा लावू दिला नसता.

मी कोट काढला नाही. ऊन चांगलंच होतं.

फाल्गुन शुद्ध ३

शांत डोक्यानं विचार केला. ती कपार तीस हात खोल. पडला तसाच गेला असणार, क्षणात. म्हणजे मी खडा उचलला त्याच्या आधीच तो गेलेला. मशाली नेल्या असत्या तरी प्रेतच आणलं असतं. मग माझ्याकडून काय बिघडलं? काही नाही. हिशेब बराबर आहे.

खडा पेटीच्या खोक्यात तळाशी ठेवला, वर कापड घातलं.

फाल्गुन वद्य ८

साळूबाई रोज दिवेलागणीला आमच्या ओट्यावर येऊन बसते. द्वारका तिला चहा देते. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. "मीच म्हणले डोंगरावरच राहा. खडा उचलला त्यानं, घराकडं तोंड केलं आसंल, मंग माझा शब्द आठवला आन् फिरला माघारी." आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येतं. मी पेटी काढत नाही तेव्हा.

द्वारका माझ्याकडे बघते फक्त. विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, कोट धुवायला द्या.

चैत्र शुद्ध १०. जालना

मेलो असतो तर बरं झालं असतं. काकासाहेबांच्या दिवाणखान्यात पन्नास माणसं, गालिचा, झुंबर. ख्वाजामियाँ आलाच नाही. कल्हईचं काम आहे म्हणून निरोप धाडला. इथला तबलजी घेतला. सुरुवात बरी झाली. उंच सुरावर गेलो, बोट उचललं, तरी तो सूर वाजतच राहिला. भाता बंद केला तेव्हा थांबला. पुन्हा तसंच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकासाहेब हसून म्हणाले, इथं डोंगर नाही म्हणून पेटीच साद देतेय वाटतं. सगळे हसले. मी मध्येच उठलो.

चैत्र वद्य १

पेटी सगळी उसकटून पाहिली. पट्टी, तार, स्प्रिंग, कुठं काही नाही. घरी वाजवली तर बरी वाजते. मग पुन्हा तोच सूर अडकतो, तोच.

खडा बाहेर काढला तर त्यावर हळदकुंकू. ताजं. मी लावलेलं नाही. खोक्याला कुलूप नसतं, पण या घरात पेटीला माझ्याखेरीज कोणी हात लावत नाही. पुसून परत ठेवला.

आषाढ शुद्ध ११

पावसानं गल्लीत चिखल झालाय. ख्वाजामियाँ रस्त्यात भेटला. तबल्याला का येत नाहीस विचारलं. खाली बघून म्हणाला, गुरुजी, तुमच्याबरोबर बसलो की मला तिसरा माणूस ऐकू येतो. म्हटलं, काय खुळ्यासारखं बोलतोस. तो आदाब करून गेला.

खड्यावर पुन्हा हळदकुंकू.

भाद्रपद वद्य ९

पितरपाट. गावात घरोघर जेवणं. साळूबाईला कोणी बोलावलं नाही आणि तिच्याकडे कोणी गेलं नाही, कारण मुलाचं नाव घेता येत नाही. तिनं घरातल्या घरात पान वाढलं तर पुंजारामनं जाऊन उचलायला लावलं. मावलायांच्या माणसाला पितर म्हणत नाहीत. संध्याकाळी ओट्यावर आली तेव्हा हाताला अजून भाताची शितं होती. मला हाक मारून म्हणाली, गुरुजी, तुम्ही शिकलेले, सांगा, माय रागानं बोलली तर लेकरू एवढं मनाला लावून घेतं का?

मी म्हटलं, देवाची मर्जी.

आत आलो. द्वारका दारामागे उभी होती. त्या गोष्टीवर पहिल्यांदाच बोलली. "अहो, किती दिवस हळदकुंकू लावू त्याला?"

म्हणजे तीच. तिला कधीपासून ठाऊक, ते विचारायची हिंमत झाली नाही. आम्ही दोघं जेवलो. भाजी तिखट झाली होती.

कार्तिक शुद्ध १२

सांगायचं ठरवलं, उठलो, चपला घातल्या, साळूबाईच्या दारापर्यंत गेलो. ती चूल सारवत होती. चुलीपुढे तसेच काळे खडे मांडलेले, पांढऱ्या रेघेचे. मी विचारलं, मीठ आहे का थोडं? तिनं वाटीभर दिलं. ते मीठ घेऊन परत आलो. मी भेकड आहे. इथं लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार?

सांगितलं तर काय होईल? शाळा जाईल. गाव थुंकेल. आणि तो तर तेव्हाच गेलेला, क्षणात. हे मी रोज स्वतःला सांगतो. रोज सांगावं का लागतं, कळत नाही.

पौष वद्य ४

साळूबाई वाळून अर्धी झालीय. आज ओट्यावर म्हणाली, औंदा डोंगरावर जाते आन् तिथंच राहते, मीच त्याला धाडलं, मीच जाऊन बसते जवळ. द्वारकेनं तिचा हात धरला. मग रात्री जेवताना मला एवढंच म्हणाली, ती खरंच राहील हो.

पुन्हा वद्य षष्ठी येईल. खोक्यातून खडा काढून कोटात ठेवला, पूर्वीच्याच खिशात.

माघ वद्य ६, शके १८६२

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी साळूबाईबरोबर द्वारका चालली. दिवसभर तिनं साळूबाईचा पदर सोडला नाही, वर सुद्धा नाही, उतरताना सुद्धा नाही. मी चढलोच नाही. पुंजारामजवळ पारावर बसून राहिलो. सगळे उतरले, आपापला खडा घेऊन गेले. पार रिकामा झाला. दिवा लागला. पुंजाराम म्हणाला, बसा, गुरुजी.

मी उठलो आणि कोटातून काळा खडा काढून पारावर ठेवला. म्हटलं, हा मी उचलला होता. मागच्या वर्षी, इथून, पेटी सुरू व्हावी म्हणून. कडूबा उतरलाच नव्हता.

मग एकदम सगळेच बोलायला लागले. कडूबाचा मामा माझ्या अंगावर धावून आला, त्याला चौघांनी धरलं. पुंजाराम तोंडावर हात घेऊन खाली बसला. साळूबाई लोकांतून पुढे आली, खडा उचलला, दिव्याजवळ नेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"माझ्या चुलीपुढचा हाय," ती म्हणाली. "मंग त्यानं उचललाच न्हाई?"

"नाही."

"मंग तो माघारी न्हाई फिरला. घराकडंच येऊन राह्यल्ता."

मी मानेनंच हो म्हटलं. तिचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा सैल झाला. मटकन खाली बसली आणि रडली, पोटभर, मोठ्यानं, आणि रडता रडता सारखं म्हणत होती, घराकडं येऊन राह्यल्ता, माझ्यावर रागावला नव्हता. द्वारका तिला कवटाळून बसली. खरं लिहायचं तर मला हलकं वाटलं. वाटलं, संपलं आता. मारतील तर मारू देत.

मग तिनं डोळे पुसले आणि मामाला बाजूला व्हायला सांगितलं. मला म्हणाली, "गुरुजी, त्या सांजेला जे वाजवलं ते वाजवा."

मी म्हटलं, कशाला?

"समदे म्हणत होते, डोंगर बोलला. मी चुलवणाशी भाकरी थापीत होते, मला ऐकू आलं न्हाई. मला ऐकायचंय."

पेटी उघडली. ख्वाजामियाँ गर्दीतून आला आणि माझ्याकडे न बघता तबल्याशी बसला. पद सुरू केलं. तोच सूर, तीच जागा. ध्रुवपदाच्या शेवटी वर गेलो आणि थांबलो.

काही आलं नाही.

वाटलं, सूर कमी पडला. भाता भरून पुन्हा घेतला, जोरात, गळा ताणून. थांबलो. वारा पडलेला, समोर डोंगर, हवा तशीच मागच्या वर्षीसारखी कोरडी. रातकिडे तेवढे. तिसऱ्यांदा घेतला. चौथ्यांदा घेताना ख्वाजामियाँनं तबल्यावरून हात उचलून मांडीवर ठेवले. त्या डोंगराला साद नाही. कधीच नव्हती. पुंजाराम त्या सांजेला तेच सांगत होता आणि मी ती शाबासकी समजलो.

पेटी बंद केली. त्या सांजेला वरून कोण ओ देत होतं ते सगळ्यांना कळलं होतं, आणि मला सगळ्यांत शेवटी.

साळूबाईनं विचारलं, "किती वेळा बोलल्ता डोंगर?"

ते या वहीत मीच लिहून ठेवलंय. मी म्हटलं, अकरा वेळा.

तिनं खडा पदरात बांधला. उठली, डोंगराच्या वाटेवर चार पावलं चालत गेली आणि तिथं उभी राहून, वर तोंड करून, साध्या आवाजात, घरातून बाहेरच्याला द्यावी तशी तिनं ओ दिली. "आले रे."

मग थांबली. मग पुन्हा म्हणाली. कोणी तिला अडवलं नाही. अकरा वेळा म्हणाली. शेवटी शेवटी तिचा आवाज बसला होता.